बाजारहत्नूरचे जाम आणि माझा जळफळाट

या प्रवासाचं खरं कारण मी निघताना कोणालाच सांगितलं नव्हतं. विचारणाऱ्याला एकच उत्तर देत होतो, "बाजारहत्नूरच्या बाजारात बैल चांगले मिळतात म्हणे. एक पाहून येतो." ते खोटं होतं. मला माझ्या साडूची बाग पाहायची होती, आणि ती नेमकी कुठे कमी पडते ते शोधून काढायचं होतं.

मुधोळला माझी जामाची बाग आहे, चाळीसेक झाडांची. पुण्याकडचे लोक ज्याला पेरू म्हणतात त्याला आम्ही जाम म्हणतो. झाडं माझ्या वडिलांनी लावलेली, जमीन काळी, विहिरीला पाणी. फळ इतकं लागायचं की फांद्यांना टेकू द्यावे लागत. मला त्याचा मोठा अभिमान होता. गेल्या संक्रांतीला भैंशाला सासऱ्यांकडे गेलो तेव्हा मी टोपलंभर जाम नेले. धाकटा जावई गणपत, म्हणजे माझा साडू, बाजारहत्नूरहून आला होता. त्याने धोतराच्या फडक्यात बांधून फक्त बारा जाम आणले होते. पण एकेक जाम असा की तळहातात मावेना! साल पिवळीधमक, कुठे डाग नाही.

सासरे जन्मभर भाजीपाला पिकवलेले, फळाची पारख असलेले. त्यांनी गणपतचा जाम नाकाशी धरला, डोळे मिटले आणि सगळे बाराच्या बारा देवापुढे ठेवले. मग माझ्या टोपल्याकडे पाहून आत हाक मारली, "हे आत घ्या वं. भाजी होईल."

जेवताना माझ्या ताटात माझ्याच जामाची भाजी आली, आणि जेवणानंतर गणपतच्या जामाची फोड. मी खाल्ली. गोड होती, बिया कमी होत्या. "ठीक आहे," एवढंच म्हणालो. त्यानंतर आठ महिने ती फोड माझ्या घशातून काही खाली उतरली नाही.

पोळा झाला, शेतातली निंदणी आटोपली आणि मी बायकोला, यशोदेला, म्हणालो, "चल, बैल पाहून येऊ. तुझी बहीणही भेटेल."

ती चुलीपुढून वळून माझ्याकडे बघत राहिली. "मले बहीण भेटंल," ती म्हणाली, "अन् तुमाले बाग भेटंल."

बैलाबद्दल तिने पुढे एक अक्षर काढलं नाही.

मुधोळ ते निर्मल

पावसाळ्यात जाणार असाल तर पहाटे निघा. मुधोळहून भैंसा चार कोस, आपल्या बैलगाडीने ऊन चढायच्या आत होतं. तिथून निर्मलला भाड्याची मोटार मिळते, पण ती भरल्याशिवाय हलत नाही. आम्ही दोन तास थांबलो. कोणाजवळ इंग्रज सरकारचे कलदार रुपये असतील तर भैंशालाच इकडची हाली नाणी करून घ्या. पुढे मोटारवाले आणि दुकानदार हालीच मागतात आणि कलदार बदलताना आपल्याला गिऱ्हाईक करतात. बरोबर दशम्या, तिळाची चटणी आणि कांदे घ्या. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या तीन दिवस टिकतात, आम्ही दुसऱ्या दिवशीही त्या खाल्ल्या.

निर्मलला तळ्यामागे एक धर्मशाळा आहे. जागा स्वच्छ, पाणी जवळ, फक्त सामान डोळ्यांपुढे ठेवा. संध्याकाळी यशोदेला बाजार दाखवायला नेलं. इथल्या कारागिरांनी लाकडाची रंगीत फळं करून मांडली होती. सीताफळ, आंबा, केळं, अगदी खऱ्यासारखी. त्यात एक जामही होता. यशोदा हसून म्हणाली, "हा गणपतरावाच्या बागेतला दिसते."

मला हसू आलं नाही. त्यात भर म्हणून, शेजारच्या भाजीवालीला एक बाई विचारत होती, "जाम कधी येणार गं?"

"आपले येतील पंधरा दिवसांत," भाजीवाली म्हणाली. "पन बाजारहत्नूरचे पाहिजे असतील तर थंडी पडू द्या. ते आले की टोपलं खाली ठेवाले फुरसत नसते."

मी यशोदेला म्हणालो, चल, पाय दुखून राहिले. पाय दुखत नव्हते.

घाट आणि नाला

दुसऱ्या दिवशी सकाळी आदिलाबादची मोटार पकडली. मागच्या बाकावर बसू नका. घाटात डोकं छताला लागतं. शक्य असेल तर डाव्या बाजूला बसा. तिकडून दरी दिसते, आणि भाद्रपदात सागाला पांढरट फुलोरा आलेला असतो. डोंगरच्या डोंगर पीठ भुरभुरल्यासारखे दिसतात. मोटार दोनदा थांबली, इंजिनात पाणी घातलं. तिसऱ्यांदा चढावर कण्हायला लागली तशी कंडक्टर ओरडला, "मर्दां सब उतरो! औरतां बैठे रहो!"

आम्ही पुरुष उतरून पाव मैल पायी चाललो. यशोदा खिडकीतून मला पाहत होती. इतकी खूश मी तिला वर्षभरात पाहिली नव्हती.

गुडीहत्नूरला दुपारी उतरलो. थांब्याजवळ चहा आणि मिरचीची भजी मिळतात, भजी गरम असतील तरच घ्या. तिथून बाजारहत्नूरला बैलगाडी करावी लागते. गाडीवान म्हातारा होता. "कोनाकडं जाचं?" त्याने विचारलं. मी गणपतचं पूर्ण नाव सांगायला लागलो तर त्याने मध्येच हात हलवला.

"जामवाल्या गणपतकडं? मंग सांगाची गरजच नाई. बैलाले बी वाट ठाऊक हाय."

मुधोळात मला माझ्या नावाने ओळखतात, जामवाला म्हणून कोणी ओळखत नाही. वाटेत एक नाला दुथडी वाहत होता. पाणी उतरेपर्यंत काठावर बसावं लागलं. आजूबाजूला कापूस, ज्वारी, मध्येच रान, गाडीखालून लाल चिखलाची वाट. जागा सुंदर होती. मी मात्र पूर्ण वेळ हाच विचार करत होतो की इथली माती तर माझ्या मातीपेक्षा हलकी दिसते, मग ह्याला जमलं कसं? काही खत लपवून घालत असणार. नाहीतर दूरहून कलमं आणली असणार.

बाग

गणपतने आमचं स्वागत मनापासून केलं. हे मला तेव्हाही कळत होतं, म्हणून जास्तच जड गेलं. पाय धुवायला गरम पाणी, जेवायला ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वर लसणाची फोडणी. मेहुणी सुभद्रा बहिणीला सोडायला तयार नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी गणपत म्हणाला, "चला साडूभाऊ, बाग पाहून या."

बागेत शिरलो आणि माझं पाऊल थांबलं. झाडाखालची सगळी जमीन हिरव्या फळांनी भरली होती. सुपारीएवढे कोवळे जाम, शेकड्यांनी पडलेले.

त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहितो, कारण ते लिहिलं नाही तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मला आनंद झाला. कीड पडली, बाग गेली, असं मनात आलं आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा मला मोकळा श्वास आला. मी चेहरा पाडला आणि म्हणालो, "अरेरे! गणपतराव, काय झालं हे? कीड लागली का?"

गणपत हसला. "कीड नाई. आमची घरची तोडून राह्यली."

त्याने बोट दाखवलं. बागेच्या मधोमध शिडीवर सुभद्रा उभी होती. पदर खोचलेला, दोन्ही हात पानांत. ती एक डहाळी वाकवायची, पाहायची, आणि टप् टप् करून दोन-तीन कोवळी फळं खाली पडायची. एक जागेवर राहायचं. मग पुढची डहाळी.

"चांगली फळं तोडता?" मी जवळजवळ ओरडलोच.

"या भाऊजी, वर पाहा," ती म्हणाली.

तिने मला समजावून सांगितलं. बाग असणाऱ्यांनी हे नीट वाचा, मला ते समजायला अर्धं आयुष्य लागलं. एका डहाळीला चार फळं धरली आणि चारही ठेवली, तर झाड चौघांना अर्धपोटी ठेवतं. म्हणून एक ठेवायचं. डहाळी बोटाएवढी जाड असेल तर दोन. ज्याच्यावर ओरखडा आहे ते आधी काढायचं, मग एकमेकांना चिकटलेल्या जोडीतलं एक, मग आत सावलीत लोंबणारं. ज्याच्या डोक्यावर चांगली पानं आहेत ते राखायचं. फळ ओढायचं नाही, ओढलं तर डहाळीची साल सोलते. चिमटीत धरून पिरगाळायचं. आणि हे सगळं फळ सुपारीएवढं असतानाच करायचं. आत बी टणक झालं की तोडून फायदा नाही, झाडाने द्यायचं ते देऊन झालेलं असतं. खाली पडलेली फळं संध्याकाळी गोळा करून खड्ड्यात पुरायची, झाडाखाली सडू द्यायची नाहीत, नाहीतर माशी होते.

"हे तुला कोणी शिकवलं?" मी विचारलं. मला वाटलं, एखादा बागवान ठेवला असेल.

सुभद्रा शिडीवरून खाली माझ्याकडे पाहत राहिली. "अक्कानं," ती म्हणाली.

अक्का म्हणजे तिची थोरली बहीण. म्हणजे माझी बायको.

"बाबा नदीच्या वाळूत टरबुजं लावायचे ना," ती सांगू लागली. "एका वेलावर एकच ठेवायचं, बाकीचे आमी दोघी खुडाच्या. मंग अक्काच म्हने, जामाले बी असंच केलं पाहिजे. तुमच्याकडं तिनं एका झाडावर करून बी पाह्यलं होतं. तुमी लई रागावले म्हने."

मला आठवलं. लग्नाला दोन वर्षं झाली होती. यशोदा एका झाडाखाली ओटीत कोवळे जाम घेऊन उभी होती आणि मी सगळ्या मजुरांसमोर तिला म्हणालो होतो, वडिलांनी लावलेल्या झाडाला हात लावायची हिंमत कशी झाली. त्यानंतर तिने कधी झाडाला हात लावला नव्हता, आणि मीही ती गोष्ट साफ विसरून गेलो होतो.

"मले काय कळते?" गणपत म्हणाला. "सुभद्रा सांगते, मी शिडी धरतो."

एवढं ऐकल्यावर माझा जळफळाट थांबायला हवा होता. तो दुप्पट झाला. आधी मला त्याच्या फळाचा हेवा होता. आता मला हेवा वाटू लागला तो त्याच्या त्या सहज बोलण्याचा. मले काय कळते! हे तीन शब्द मला माझ्या घरात कधी बोलता आले नव्हते.

दोन झाडं

तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, फळं मोठी व्हायच्या आत काम उरकायचं होतं, म्हणून आम्ही सगळेच लागलो. गणपतने मला बांधाकडची दोन झाडं दिली. "तुमचा हात बसलेला हाय साडूभाऊ, तुमाले काय सांगाचं," असं म्हणून तो निघून गेला. मागे वळून पाहिलंही नाही.

मी एकटा होतो. पहिल्या चार डहाळ्या नीट केल्या. मग पाचव्या डहाळीवर एक फळ होतं, गोल, तुकतुकीत, वर तीन पानं. आणि शेजारी एक वाकडं, सालीवर काळा ओरखडा. माझी चिमटी चांगल्यावर गेली. मी पिरगाळलं. ते खाली पडलं आणि माझ्या छातीत गार वाटलं.

त्यानंतर मी दोन्ही झाडं तशीच केली. चांगलं पाडलं, खराब ठेवलं. घाईत नव्हे, सावकाश, निवडून. कोणाला कळणार होतं? फळं सगळी हिरवीच.

यशोदा न्याहारीला बोलवायला आली. तिने आधी खाली पाहिलं. मग वर. मग एक फांदी खाली ओढून तिने डहाळीमागून डहाळी पाहिली आणि फांदी हळूच सोडली.

"हे चांगले फळं तुमाले दिसले नाई," ती म्हणाली, "का दिसले म्हनूनच तोडले?"

मी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"काऊन केलं हो असं?"

"माझ्या टोपल्याची भाजी केली तुझ्या बाबांनी," मी म्हणालो. चाळीस वर्षांचा माणूस मी, आणि तोंडातून निघालं ते हे.

ती रडली नाही, ओरडली नाही. "त्या पोरीनं उन्हाळाभर डोक्यावर पानी वाहून ही झाडं जगवली," ती म्हणाली. "आता तुमी सांगता, का मी सांगू?"

मी सांगितलं. गणपत बांधावर सुभद्रेशेजारी बसून भाकरीचं फडकं सोडत होता. मी उभ्यानेच सांगितलं, कारण न देता. त्याचा हात भाकरीवर थांबला. मला वाटत होतं तो हसून म्हणेल, जाऊ द्या. तो तसं म्हणाला नाही. तो उठला, दोन्ही झाडांखालून फिरून आला, आणि सुभद्रेकडे न पाहता मला म्हणाला, "तुमाले बैल पाह्यचा होता ना? उद्या बाजार हाय. पाहून घ्या, अन् मंग निघा."

सुभद्रा झाडांकडे गेलीच नाही. तिने माझ्या पानात भाकर वाढली, बहिणीच्या पानात वाढली, आणि आम्ही चौघे जेवलो. तेवढं जड जेवण मी आयुष्यात जेवलो नाही.

परत

बाजारहत्नूरचा बैलबाजार, विचाराल तर, चांगला आहे. मी बैल पाहिले, दात मोजले, एकही घेतला नाही. गणपत गाडीपर्यंत आला, यशोदेचं गाठोडं त्याने स्वतः वर ठेवलं, माझ्याशी बोलला नाही. नाल्याला पाणी उतरलं होतं. घाटात उतारामुळे पुरुषांना खाली उतरावं लागलं नाही.

निर्मल दिसायला लागलं तेव्हा यशोदा पहिल्यांदा बोलली. "मी त्या वर्षी ज्या झाडाचे खुडले होते ना," ती बाहेर पाहत म्हणाली, "त्याचे जाम तुमी खाल्ले. सकाळी विहिरीवर बसून दोन खाल्ले. म्हणाले, औंदा या झाडाले काय झालं, लई गोड हाय."

"मग सांगितलं काऊन नाही?"

"तुमाले पुन्हा सांगून पाह्यचं होतं का म्या?"

निर्मलला उतरताना तिचं गाठोडं मी उचललं. 

घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी मी शिडी आणली, पहिल्या झाडाला लावली आणि यशोदेला म्हणालो, "तू सांग." थोडा उशीर झाला होता, फळं सुपारीच्या पुढे गेली होती, तरी तिने हात लावला. पहिलं फळ खाली पडलं तेव्हा माझा जीव कासावीस झाला. दहावं पडलं तेव्हा मी "पुरे" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. रस्त्याने जाणारे थांबून पाहत. "अहो, वहिनी फळं पाडून राह्यल्या!" असं सांगायला दोघेजण तर आत आले. मी म्हणालो, "हो, मी शिडी धरली आहे." आठवडाभरात आम्ही निम्मी बाग केली. उरलेल्या निम्म्यात फळ मोठं झालं होतं, ती तशीच सोडली.

मार्गशीर्षात कोणालाही विचारावं लागलं नाही की कुठली निम्मी कोणाची. तिच्या झाडांवर फळ कमी होतं, फांद्यांना टेकू लागला नाही, आणि फळ हातात घेतलं की मनगट खाली जायचं. लोक दारात येऊन म्हणू लागले, "यशोदाबाईच्या झाडाचे द्या." आणि माझा पुन्हा जळफळाट झाला, अगदी तसाच, या वेळी स्वतःच्या बायकोवर. तेव्हा मला कळलं की हा माणूस बाजारहत्नूरला जाऊनही बदललेला नाही. फरक एवढाच की आता जळफळाट झाला की मी ओळखतो, आणि हात मागे बांधून उभा राहतो.

पौषात एक दिवस गणपत आला. बोलावलं नव्हतं, भैंशाला काही काम होतं म्हणाला. मी त्याला बागेत नेलं. यशोदेच्या एका झाडाखाली तो थांबला. त्याने एक जाम न तोडता तळहातावर तोलला, पुन्हा तोलला, आणि मान फिरवून वरच्या फांद्या पाहू लागला. तो चेहरा मला माहीत होता. काळी माती, विहिरीचं पाणी, जुनी झाडं; तो हेच मोजत होता. या क्षणाची मी वर्षभर वाट पाहत होतो. आनंद झाला, पण मूठभर. तो पुरला नाही.

"त्या दोन झाडांचं काय झालं?" मी विचारलं.

 "एक बरं निघालं," तो म्हणाला. "दुसऱ्याचे बकऱ्याईले घातले."

"मी येतो पुढच्या भाद्रपदात," मी म्हणालो. "तुम्ही शेजारी उभे राहा आणि सांगाल तेच तोडतो."

गणपतने तो जाम सोडला. फांदी थोडी वर गेली. "मी कायले उभा राहू," तो म्हणाला, "सुभद्राले विचारा, ते येऊ देते का." मग त्याने धोतराला लागलेलं कुसळ झटकलं आणि घराकडे चालू लागला. "जेवाले काय केलं अक्कानं?"